मुलीला आरोग्य हक्काच्या कामात जायचंय, जाऊ द्यावं का?

प्रश्न: मी शहादा तालुक्यात शिक्षक आहे. मुलगी यंदा बी.एस्सी. झाली. वर्षभर ती एका स्थानिक संघटनेबरोबर धडगावच्या पाड्यांवर जाते. कुलूप लागलेली उपकेंद्रं, बाळंतिणीकडून घेतलेले पैसे, वेळेवर न आलेली गाडी याची माहिती गोळा करते. आता म्हणते, हेच काम करायचं. आमचा आग्रह एमपीएससीचा. यात पोट भरतं का? शिक्षण कोणतं लागतं? पोलीस-कोर्टाची भानगड मागे लागेल का?

उत्तर: नमस्कार सर. तुमच्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा आणि लाल शेऱ्यांबद्दल जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारायचा, अशी ती पद्धत. दवाखान्याला प्रश्न विचारणं म्हणजे सरकारविरोधी काही नव्हे, हे घरात आधी स्पष्ट झालं तर निम्मी भीती जाईल.

पदवीचं नंतर बोलू. आधी तिची वही बघा. या कामात माणूस टिकतो तो नोंदींच्या जोरावर. नुसत्या संतापावर उतरलेली मुलं वर्षभरात थकून परत जातात, कारण सुनवाईत ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ एवढं एक वाक्य ऐकलं की त्यांच्याकडे पुढे बोलायला काही उरत नाही.

‘गाडी आली नाही, हाल झाले’ ही नोंद नव्हे. फोन किती वाजता केला, 102 ला की 108 ला, पलीकडून उत्तर काय आलं, झोळीतून कुठवर आणलं, खासगी जीपला किती दिले, केंद्रात किती वाजता पोचले, कोणी तपासलं, हे सगळं त्याच आठवड्यात लिहायला हवं. महिन्याभराने वेळा आठवत नाहीत. सोबत केसपेपरचा फोटो, बाहेरून आणायला लावलेल्या औषधाची चिठ्ठी आणि दुकानाचं बिल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, जेवण आणि ने-आण हे सगळं मोफत आहे. त्यामुळे बिलावरचा एकेक रुपया कोणत्या तरतुदीविरुद्ध घेतला गेला, हे थेट दाखवता येतं. बाई पावरीत किंवा भिलीत बोलली असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि खाली मराठी. भाषांतरात बाईचं बोलणं मवाळ होतं आणि अधिकाऱ्याला निसटायला जागा मिळते. मुलीला या बोली येत असतील तर ती तिची मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे तक्रार चुकीच्या दारात जाणं. पैसे मागितले किंवा वागणूक वाईट असेल तर वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी. औषधं किंवा गाडीचा प्रश्न असेल तर जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी. रिकाम्या पदांचा प्रश्न बहुतेक वेळा राज्याकडे जातो, आणि तिथे एकट्या गावाचं चालत नाही. जन आरोग्य अभियानासारख्या राज्यभरच्या आघाड्या त्यासाठीच असतात. हे न कळल्यामुळे सुनवाईत सगळा राग समोरच्या सिस्टरवर निघतो. आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. एकाच सिस्टरकडे दोन उपकेंद्रं दिली असतील तर एकाला कुलूप लागणारच. तिला दोष देऊन गावाचं नुकसानच होतं, कारण उद्या ताप घेऊन तिच्याकडेच जायचं असतं. म्हणून रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय नाव उघड करू नये, हा नियम मुलीने कधीही मोडू नये.

आता पोलिसांचं. दवाखान्यातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हात उचलला किंवा दवाखान्यात तोडफोड केली तर तो अजामीनपात्र गुन्हा आहे आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वॉर्डात शिरून घोषणा देणं, गर्दी घेऊन केबिनमध्ये घुसणं इथूनच प्रकरण चिघळतं, आणि मग गर्दीतल्या सगळ्यांचीच नावं तक्रारीत येतात. लेखी निवेदन, पोच, तारीख असा मार्ग धरला तर ही वेळ सहसा येत नाही. पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

माहिती अधिकाराचा अर्ज तिने आत्ताच शिकावा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. ते आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. ‘औषधांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास अडतो. ‘अमुक केंद्राच्या औषधसाठा नोंदवहीतील 1 एप्रिल ते 30 जून या काळातील पानांच्या प्रती’ असं मागितलं की टाळणं अवघड होतं.

रुग्ण नाशिक-मुंबईला पाठवले जातात तेव्हा धर्मादाय रुग्णालयांतल्या 10 टक्के मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या खाटा, आणि खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याचा 2021 चा नियम उपयोगी पडतो. हे तिने वाचून ठेवावं.

शिक्षणाच्या वाटा तीन. गावपातळीवरचं काम आवडत असेल तर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. आकडे आणि धोरण आवडत असेल तर सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. त्यासाठी डॉक्टर असावंच लागतं असं नाही, बऱ्याच ठिकाणी बी.एस्सी. चालते, तरी पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. कागद आणि अपिलांत रस असेल तर तीन वर्षांचं एल.एल.बी., ज्याची या क्षेत्राला फार गरज आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था आधी पाहा. कुठेही प्रवेश घेण्यापूर्वी विचारा: क्षेत्रकार्य आठवड्यात किती दिवस आणि कुठे? क्षेत्रकार्य नावापुरतं असलेल्या पदवीवर पैसे घालवू नका. त्याआधी वर्षभराचा अनुभव हवा असेल तर गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा तरुणांसाठीचा ‘निर्माण’ उपक्रम किंवा ग्रामीण भागात काम करण्याची 13 महिन्यांची एसबीआय यूथ फॉर इंडिया फेलोशिप आहे.

पोट भरतं, पण सरकारी नोकरीसारखं नाही. संस्थांच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पावर असतात आणि निधी संपला की पगार थांबतो. मुलाखतीत करार किती महिन्यांचा, पीएफ आहे का, प्रवासखर्च आगाऊ मिळतो की मागाहून, अपघात विमा आहे का, हे तिने न संकोचता विचारावं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. आरोग्य खात्यात जिल्हा किंवा तालुका समूह संघटकाची कंत्राटी पदंही निघतात, मात्र तिथे बसून आपल्याच खात्याविरुद्ध सुनवाईत उभं राहता येत नाही. यातली निवड तिची तिने करावी.

एमपीएससीची वाट बंद होत नाही. वयाची मर्यादा पाहून दोन वर्षं द्या. तोवर तुमच्या शिक्षकी नजरेचा तिला उपयोग आहे. तिचा पहिला माहिती अर्ज तुम्ही तपासा आणि शब्द 150 च्या आत आहेत का ते मोजा.