लिलावात ‘शिवकालीन’ म्हणून घेतलेली शिवराई नंतरच्या काळातली निघाली. पैसे परत मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन बोली लावून शिवराई (महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) घेतली, कॅटलॉगमध्ये ‘छत्रपती शिवाजी महाराज, रायगड टांकसाळ, इ.स. १६७४’ असं छापलं होतं, आणि आता एक जुने संग्राहक ती पेशवाईतली आहे म्हणतात. लिलाववाल्यांचं उत्तर: “नाणं अस्सल आहे, मग तक्रार कसली?”

पैसे मिळू शकतात. मात्र आजच हालचाल करा.

नाणं अस्सल आहे हे खरंच आहे. पण तुमची तक्रार नाण्याबद्दल नाहीच, त्या छापलेल्या ओळीबद्दल आहे. अशा शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढंच असतं. साल नाही, टांकसाळीचं नाव नाही. हाच मजकूर महाराजांनंतरही कित्येक पिढ्या तांब्यावर उमटत राहिला. अक्षरांचं वळण, कडेची टिंबांची माळ, वजन, घडण हे सगळं ताडून अभ्यासक काळ ठरवतात. म्हणजे ‘रायगड’ आणि ‘१६७४’ हे नाणं सांगत नव्हतं, कॅटलॉग सांगत होता, आणि तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेत ते त्याच दोन शब्दांसाठी. नंतरच्या शिवराया जुन्या बाजारात आजही सहज मिळतात.

कायदा इथे तुमच्या बाजूने बोलतो. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. अडचण दोन ठिकाणी येते. एक, कलम ६२ प्रमाणे असं बंधन कराराने बाजूला ठेवता येतं, म्हणून तुम्ही मान्य केलेल्या लिलावाच्या अटी शब्द न् शब्द वाचा. बऱ्याच ठिकाणी हमी फक्त नाणं बनावट नसल्याची असते, काळ आणि टांकसाळ हे ‘आमचं मत’ म्हणून सोडून दिलेलं असतं. दुसरी अडचण मुदतीची. वस्तू स्वीकारल्याचं कळवलंत किंवा वाजवी काळ उलटूनही नाकारली नाहीत, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ती स्वीकारली. मग परत करण्याचा हक्क सहसा उरत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते.

हे मी अनुभवातून सांगतोय. ‘मुघल, शाह आलम दुसरा, दुर्मिळ टांकसाळ’ म्हणून मी एक रुपया घेतला होता. त्या काळच्या रुपयांचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे टांकसाळीचं नाव बहुतेक वेळा कडेबाहेर जातं. माझ्याही नाण्यावर ते नव्हतं. अंकुशाची खूण मात्र स्पष्ट होती. मराठ्यांच्या टांकसाळींत बादशहाच्याच नावाने रुपये पडत आणि अंकुशी रुपया त्यातलाच, हे मला नंतर एका प्रदर्शनात जाणकारांनी दाखवलं. मला त्या नाण्याचं उलट अप्रूपच वाटलं, पण मोजलेली किंमत त्याची नव्हती. मी पत्र लिहिलं तेव्हा पाच महिने झाले होते. लिलावगृहाने अटींतली तीस दिवसांची ओळ दाखवली, आणि ज्याने नाणं विकायला ठेवलं होतं त्याला त्याचे पैसे केव्हाच चुकते झाले होते. तो व्यवहार मला आजही सलतो.

तेव्हा आधी कॅटलॉगचं ते पान, लॉटचा (म्हणजे लिलावात मांडलेल्या त्या नाण्याचा) फोटो, पावती आणि अटी जपून ठेवा, कारण ऑनलाइन वर्णन नंतर बदलता येतं. नाणं चिंचेने किंवा कशानेही घासू नका, ज्या पाकिटात आलं त्यातच राहू द्या. ‘वर्णनाशी जुळत नाही म्हणून लॉट नाकारत आहे’ असं स्पष्ट शब्दांत ईमेलने कळवा आणि हातोड्याची किंमत (शेवटची बोली), बायर्स प्रीमियम (बोलीवर लिलावगृह घेतं ती जादा रक्कम), जीएसटी असा सगळा परतावा मागा. सोबत जाणकाराचं सहीचं लेखी मत हवं, तोंडी मताला किंमत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांना विचारून पाहा.

ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. नाणं पुन्हा विकून नफा कमावण्यासाठी घेतलं असेल तर मात्र ‘ग्राहक’ ठरणं कठीण.

एक शब्द मुद्दाम तपासा. कॅटलॉगमध्ये ‘शिवाजी महाराजांच्या नावाने’ असं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, कारण नंतरच्या शिवराईलाही ते लागू होतं. ‘रायगड, १६७४’ हे ठाम विधान आहे, तक्रार त्यावरच उभी करा.

आणि परतावा मिळाला तरी त्यांच्या संकेतस्थळावरची जुनी नोंद दुरुस्त करायला सांगाच. पुढचा विक्रेता तीच नोंद पुरावा म्हणून दाखवेल.