सांगलीत नवीन आहे, खिशाला परवडणारी चांगली लोकल दुकानं कशी शोधायची?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. लातूरहून बदली होऊन विश्रामबागला आलाय, तीन महिने झाले, किराणा ॲपवरनं, कपडे शंभर फुटी रोडच्या काचेच्या दुकानातनं, भाजी सोसायटीच्या दारात येणाऱ्या गाडीवाल्याकडनं, आणि पगार वीस तारखेलाच संपतोय म्हणताय, तर संपणारच की. एवढ्या मोठ्या शहरात स्वस्त आणि चांगलं कुठं मिळतं ते सांगा असं विचारलंय तुम्ही. सांगलीला मोठं शहर म्हणलं की पुण्याची माणसं हसतात पण हसू देत, मी जत तालुक्यातल्या एका वाडीतनं २०११ ला डिप्लोमाला आलो तेव्हा मला टिळक चौक ओलांडायला पण भीती वाटायची. आता मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळं भावाचं थोडंफार कळतं.

सगळ्यात आधी एक सांगतो. स्वस्त दुकान मॅपवर शोधू नका, मिळत नाही. ज्यांचं गिऱ्हाईक तीस वर्षं बांधलेलं आहे त्यांना फोटो टाकायची गरजच नाही, अर्ध्यांना पाटी पण नाही, असली तरी वरचा रंग उडालेला. आणि दुकानदाराला पण विचारू नका, तो आपल्या मेव्हण्याच्या दुकानात पाठवणार. विचारायचं त्या वस्तूवर ज्याचं पोट आहे त्याला. मेसवाल्या मावशींना विचारा तेलाचा डबा कुठनं आणता, लेडीज टेलरला विचारा अस्तर कुठनं आणता, वडापाववाल्याला विचारा बेसन कुठनं उचलता. ह्यांना रुपया-दोन रुपयांनी फरक पडतो आणि माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तोंडावर बोलतं, म्हणून ह्यांनी आधीच चार दुकानं पालथी घालून झालेली असतात, आपल्याला फक्त मागनं जायचं असतं.

आमच्या घरचंच सांगतो. बायको लग्नानंतर दोन वर्षं ब्लाउजपीस मेन रोडवरच्या एका मोठ्या दुकानातनं आणायची, एकदा टेलरिंगच्या ताई सहज म्हणाल्या की वहिनी हेच कापड मी कापड पेठेत निम्म्यात आणते. मग त्यांच्याबरोबर गेली. दोन दुकानांच्या मधे एक अंधारा जिना, वर चढायला दोरी धरायची, आणि वरती एक म्हातारे काका गादीवर बसलेले, चारी बाजूंनी ताग्यांची टोकं. म्हणजे तागा संपत आला की जे दीड-दोन मीटर उरतं ते, कटपीस. मोजायला लोखंडी पट्टी, बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर. पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगचा झगा, उशांचे अभ्रे, पडदे सगळं तिथनंच झालं आमचं. काकांचं नाव-पत्ता इथं टाकत नाही, त्यांना आवडणार नाही आणि उद्या जिन्यावर रांग लागली तर आमच्या घरात मलाच बोलणी बसतील. पण असे जिने कापड पेठेत शोधले की सापडतात, वरनं येणाऱ्या बाईच्या हातात पिशवी दिसली की समजायचं वर काहीतरी आहे.

जुन्या सांगलीचं एक बरं आहे, नावातच पत्ता आहे. कापड पेठ म्हणजे कापड, सराफ कट्टा म्हणजे सोनं, गणपती पेठेत किराणा-मसाल्याची जुनी दुकानं. पहिल्या खेपेला काहीच विकत घेऊ नका. नुसतं टिळक चौकातनं हरभट रोडनं चालत मारुती चौकापर्यंत जावा, एकाच वस्तूचा भाव चार ठिकाणी विचारा. तीन ठिकाणी सारखा आला आणि एका ठिकाणी फारच कमी आला तर लगेच खूश होऊ नका, का कमी आहे ते बघा.

हे मी अनुभवानं सांगतोय. २०१९ च्या ऑगस्टमधे पूर आला तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची आहे म्हणजे बघा, गावठाणातल्या सगळ्या पेठा पाण्यात. पाणी उतरल्यावर भिजलेल्या मालाचे सेल लागले. त्यात वाईट काही नव्हतं, दुकानदार बिचारे सरळ सांगत होते भिजलेलं आहे, जेवढं सुटेल तेवढं सोडवतोय. पण मी घेतलं दिवाळीच्या तोंडावर, दुसऱ्याच एका दुकानातनं, डबल बेडच्या सहा चादरी, नवीन पिशवीत घालून, ‘फॅक्टरी सेल’ म्हणून. दिसायला एक नंबर. घरी आणून धुतल्या, पाणी गढूळ निघालं, परत धुतल्या, चार वेळा धुतल्या. उन्हाळाभर काही नाही, आणि पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की रात्री चादरीतनं नदीच्या गाळाचा वास. बायको म्हणाली कृष्णामाईच्या कुशीत झोपल्यासारखं वाटतंय. दुकानदाराकडं गेलो तर म्हणला सेलचा माल परत नाही. तेव्हापासनं मी कापड घेताना नाकाला लावून बघतो, लोक हसतात, हसू देत.

भाजीचं सांगतो. शनिवारचा बाजार सोडू नका. सकाळी दहा-अकराला गेलात तर माल ताजा आणि भाव ताठ, अंधार पडताना गेलात तर वाटा निम्म्यात पण उरलेलं-दबलेलं. मी मधली वेळ धरतो, चार-साडेचार, बाया घरी जायची बस बघायला लागलेल्या असतात आणि माल अजून बरा असतो. किलोनं बसलेल्या व्यापाऱ्यापेक्षा जमिनीवर पोतं टाकून स्वतःच्या रानातलं थोडंसंच घेऊन बसलेल्या आज्जी बघा, चार पेंड्या मेथी, थोडी गवारी, दोन भोपळे एवढंच असतं. थंडीत त्यांच्याकडं कृष्णाकाठची वांगी मिळतात, ती मिळाली की बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ती घ्या, भरीत करा, मग लातूरला फोन करून सांगा. आणि आज्जींशी घासाघीस करू नका, दहा रुपयांच्या पेंडीत दोन रुपये कमी करून आपण काय बंगला बांधणार आहे. ती घासाघीस कापडाच्या दुकानात करा, तिथं जागा असते.

आता माझ्या आवडीचा विषय. हळद आणि चटणी. सांगलीत राहून पाकिटातली हळद आणणं म्हणजे विहिरीवर राहून बाटलीचं पाणी पिणं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी कितीतरी वर्षं इथं हळदीचा व्यापार, हरिपूरला जमिनीत पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवायचे, २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं. असो. तुम्हाला काय करायचं, तर फेब्रुवारी ते मे नवीन हळद येते तेव्हा शेजारच्या दोन-तीन घरांना गोळा करा आणि मिळून हळकुंडं घ्या. एकट्यासाठी किलोभर मागायला यार्डात आलात तर कोण उभं करत नाही, पण आठ-दहा किलो म्हणलं की एखादा व्यापारी देतो. हळकुंड हातात घेऊन मोडायचं. चांगलं असेल तर कट्‌दिशी आवाज येतो आणि आत गडद केशरी, मऊसर वाकलं तर ओलं आहे, वजनाला ओल भरताय तुम्ही. आणि तयार पावडर घ्यायचीच असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ठेवा, हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, पाणी भडक पिवळंजर्द झालं तर ती पुडी आणू नका परत.

मग हळकुंडं दोन दिवस उन्हात टाकायची आणि डंकावर न्यायची. कांडप म्हणतात, डंक म्हणतात, एकच, मसाला कुटून देणारी गिरणी. इथं मी एकदा तोंडावर पडलोय. लग्नाच्या आधीची गोष्ट, आईनं गावाकडनं सांगितलं हळद कुटून आण, मी गेलो, मार्च महिना, बायकांची ही रांग, सगळ्यांच्या डब्यात मिरच्या. माझा नंबर आला, डंकवाल्या मामांनी हळकुंडं ओतली, मी घेऊन आलो, आईकडं पाठवून दिली. आठ दिवसांनी फोन, अरे काय आणलंस, तुझ्या बापानं सर्दीला हळदीचं दूध पिलं आणि तासभर अंगणात ठसकत बसला. माझ्या आधीच्या बाईंची लवंगी मिरची त्या उखळात बसली होती, ती सगळी आमच्या हळदीत. तेव्हा हळदीचा डंक वेगळा आहे का हे आधी विचारायचं, नसेल तर सकाळी दुकान उघडताना पहिला नंबर लावायचा.

चटणीचं पण तसंच. कांदा-लसूण चटणी विकतची आणत असाल तर ह्या उन्हाळ्यात बंद करा. मिरचीत रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी नाहीतर गुंटूर, निम्मी-निम्मी धरून सुरुवात करा, तुमच्या घरात लहान पोरं असतील तर ब्याडगी जास्त. डंकाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांचं ऐका, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीचंच बरोबर. खरं सांगू, सांगलीतली निम्मी चांगली दुकानं मला ह्या रांगेत कळली. मिरची कुठं घेतली, खोबरं कुठलं, धणे कुणाकडं जुने निघाले, कुणाचा काटा मारतो, तासाभरात सगळ्या गावाची कुंडली.

चुरमुऱ्यांची भट्टी पण बघून या. आधी मी खणभागात कॉट बेसिसवर राहायचो, खोलीच्या मागच्या बोळात भट्टी होती, काळीकुट्ट कढई, तापलेली वाळू, त्यात तांदूळ टाकला की पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आणि दुसऱ्या मिनिटाला चाळणीत पांढरे शुभ्र चुरमुरे. गरम असताना पिशवीत घेतले की पिशवी ओली होते, म्हणून भट्टीवाले अण्णा थांब म्हणायचे. भडंगाचे चुरमुरे वेगळे मागायचे बरं का. तेलात लसूण ठेचून, शेंगदाणे, लाल तिखट, कढीपत्ता, एवढंच घालून घरी भडंग करा, दुकानातल्या अर्ध्या पाकिटाच्या पैशात डबा भरतो.

घरात कॉट-टेबल-कूलर असलं काही लागत असेल तर नवीन घेऊ नका. तुम्ही विश्रामबागला आहात, वालचंद आणि विलिंग्डन दोन्ही कॉलेजं तिथंच, वर्ष संपलं की पोरं खोल्या खाली करतात आणि सामान मिळेल त्या भावाला देतात कारण बसमधे कॉट घालून नेता येत नाही. खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरमालकिणींना सांगून ठेवा, त्यांच्याकडं मागचं पण पडून असतं. मी हे उत्तर ज्या टेबलावर टाईप करतोय ते असलंच, कडेला कोणीतरी कंपासनं ‘एम थ्री निघू दे देवा’ कोरलंय, एम थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा पेपर. निघाला का नाही माहीत नाही. इलेक्ट्रिकचं मात्र पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका, तिथं स्वस्त बघायचं नाही.

मिरजेला एखादा रविवार काढा. लक्ष्मी मार्केटच्या आसपास फिरा, दवाखान्यांजवळच्या छोट्या खानावळीत जेवा, पेशंटच्या नातेवाइकांची गर्दी असते त्यामुळं साधं, कमी तेलाचं आणि खिशाला झेपणारं मिळतं. सतारमेकर गल्लीत पण जावा, घ्यायला नाही, बघायला. भोपळे टांगलेले असतात, कोणीतरी तारा लावत बसलेलं असतं. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मिळालं, पण कारागीर अजून तसाच जमिनीवर मांडी घालून बसतो. फुकट आहे आणि ॲपवर मिळत नाही.

किराण्याला एकच दुकान धरा आणि महिन्याचं खातं लावा. तीन महिने वेळेवर पैसे दिलेत की तोच माणूस सांगतो, ताई ही तूरडाळ आज नका घेऊ, परवा नवीन येतीय. आमचा वाणी तर मला चहापत्ती देताना दोन पुड्या वास घेऊन बाजूला ठेवतो आणि तिसरी देतो, मी काही न बोलता.

आणि जाताना स्कूटी टिळक चौकाच्या अलीकडंच लावा, पुढं मारुती चौकात लावायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर काढता येत नाही. दुपारी दीड ते चार जाऊ नका, निम्मी शटर खाली असतात, काका लोक जेवून झोपलेले असतात. कापडी पिशव्या दोन जास्तीच्या घ्या. हळदीला यायचं असेल तर मार्चमधे इथंच कमेंटमधे लिहा, तीन घरं तुमची आणि दोन आमची, पोतंच उचलू.