टाइमआउट म्हणजे 'फेल' नव्हे

शेतकऱ्याच्या खात्यात एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा गेले, आणखी सर्व्हर लावले तर थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नातली एक ओळ बघा: "पेमेंट सर्व्हिसचं उत्तर ३० सेकंदांत आलं नाही तर व्यवहार फेल धरतो आणि पुन्हा पाठवतो." पैसे दोनदा का गेले, ते इथंच आहे. आणखी सर्व्हर लावून ते थांबायचं नाही.

उत्तर आलं नाही याचा अर्थ एवढाच, की काय झालं ते आपल्याला कळलं नाही. रिक्वेस्ट वाटेत हरवली असेल, काम अजून चालू असेल, किंवा पैसे गेलेही असतील आणि फक्त उत्तर हरवलं असेल. आपल्या बाजूनं तिन्ही सारखंच दिसतं.

मी यात पोळलोय. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर माझ्याकडं होतं. ऐन सौद्याच्या गर्दीत नेट अडकलं, पोरानं बटण तीनदा दाबलं, एकाच मालाच्या तीन हिशेबपट्ट्या निघाल्या. दिवाणजी म्हणाले, "अहो, फोन मध्येच कट झाला तर मी परत लावून आधी नंबर सांगतो. समोरचा म्हणतो, ही लिहिलीय. तुमचं मशीन नंबर सांगत नाही का?" नव्हतंच सांगत. नंबर सर्व्हर द्यायचा, म्हणजे दर दाबण्याला नवा.

एका व्यवहाराला एकच नंबर, कितीही वेळा पाठवला तरी तोच, याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. पहिल्या प्रयत्नाआधीच की तयार करा, आपल्या डेटाबेसमध्ये लिहा, मगच पाठवा. प्रोग्राम मध्येच मेला तरी उठल्यावर तीच की जाईल. घेणाऱ्या बाजूला डेटाबेसमध्ये या कीच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा लिहूच न देणारा नियम, हवाच. "आधी शोधा, नसेल तर घाला" असं लिहिलंत तर एकदम आलेल्या दोन्ही रिक्वेस्टना 'नाही' मिळतं आणि दोन्ही आत शिरतात. की पुन्हा आली तर साठवलेलं जुनंच उत्तर द्या. की तीच पण रक्कम वेगळी, तर सरळ एरर.

बँकेची एपीआय (आपल्या प्रोग्रामनं त्यांच्या प्रोग्रामशी बोलायची सोय) बाहेरची असेल तर आपला रेफरन्स नंबर देऊन स्टेटस विचारा. लगेच "नोंद नाही" आलं तरी नवा नंबर काढू नका, पहिली रिक्वेस्ट अजून वाटेत असू शकते.

रिट्राय, म्हणजे पुन्हा पाठवणं, एकाच थरात ठेवा; रिक्वेस्ट एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडं जाते, त्यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक थर. तीन थरांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केले तर तळाच्या सर्व्हिसवर २७ रिक्वेस्ट आदळतात, तेही ती आधीच आजारी असताना. १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवा आणि त्यात थोडी रँडम वेळ मिसळा. नाहीतर लाइट आली की सगळी दुकानं एकाच सेकंदाला धडकतात.

आणि हो, "दोन सर्व्हर आहेत" म्हणता, पण दोन्ही सांगलीच्या गावभागातल्या एकाच तळमजल्यावर! ऑगस्ट २०१९ चं कृष्णेचं पाणी विसरलात काय? एक तरी दुसऱ्या शहरात हलवा.

तेवढं नंतर. आधी तुमच्या कोडमध्ये पेमेंटचा नंबर नेमका कुठं तयार होतो, तेवढा भाग इथं टाका.