राजवाडा, राजबाड़ा आणि महाल

इंदूरच्या एका वाचकांचे दोन प्रश्न आहेत. इंदुरातल्या होळकरांच्या वाड्याला आपण मराठीत 'राजवाडा' म्हणतो, शहरातली हिंदी वर्तमानपत्रे पुष्कळदा 'राजबाड़ा' लिहितात, यातले बरोबर कोणते? आणि या सात मजली इमारतीला महाल न म्हणता वाडा का म्हणायचे?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे: दोन्ही बरोबर. आपल्या 'व'च्या जागी हिंदीत अनेकदा 'ब' येतो. वाघ-बाघ, वीस-बीस, तसेच वाडा-बाड़ा. ग्वाल्हेरचा 'महाराज बाडा' म्हणजेही वाडाच.

दुसरा प्रश्न मला फार आवडला. 'वाडा'चे मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. दोन स्वरांमधला एकेरी 'ट' प्राकृतात 'ड' झाला. रस्ता या अर्थाची आपली 'वाट' निराळी. ती 'वर्त्म'वरून, प्राकृत 'वट्ट'मधून आली आणि जोडाक्षरामुळे तिचा 'ट' टिकला. तेव्हा वाडा म्हणजे मुळात बंदिस्त आवार. मजले किती, याच्याशी शब्दाला कर्तव्य नाही. धनगर रात्री मेंढ्या कोंडतात तो वाडाच, आणि धनगर कुळातल्या मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकात इंदुरात बांधायला घेतला तोही वाडाच. एकच शब्द दोन्ही ठिकाणी नांदतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

राजवाड्याची बांधणीही हेच सांगते. रस्त्यावरून दिसते ते उंच प्रवेशद्वार: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. खरा वाडा दरवाजा ओलांडल्यावर सुरू होतो. मधे मोकळा चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या आणि दालने, आणि आतच कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे देऊळ. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा वाडा जळाला. पुढे इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि तो पुन्हा उभा राहिला. १९८४ च्या दंगलीतल्या आगीत मागचा बराच भाग गेला. तोही नंतर बांधला, पण चौक मध्ये ठेवूनच. चौक गेला असता तर नुसती दर्शनी भिंत उरली असती.

'महाल' अरबीतून आला. मूळ अर्थ उतरण्याची जागा. मराठी कारभारात महाल म्हणजे मुलखाचा एक भाग (त्यावरचा अधिकारी तो महालकरी), आणि वाड्यात महाल म्हणजे एखादे खास दालन. शनिवारवाड्यातला आरसेमहाल आठवा. म्हणजे आपल्याकडे महाल वाड्याच्या पोटात असे. याउलट इंदुरातलाच होळकरांचा लालबाग महाल पाहा: मोकळ्या बागेत मधोमध उभी इमारत. तिला कोणी वाडा म्हणत नाही, ते योग्यच आहे.

मराठीत लिहिताना 'राजवाडा'च लिहावे. त्यापुढे 'पॅलेस' जोडायची गरज नाही.