फार्मासिस्टचं आयसीयूत काम काय? वेंगुर्ल्याच्या एका वडिलांना उत्तर

वेंगुर्ल्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.फार्म.च्या लास्ट इयरला आहे, बाजारपेठेत गाळा घेऊन ठेवलाय, रिझल्ट लागला की लायसन्स काढून मेडिकल टाकायचं असं घरात कधीचं ठरलेलं. पण गेल्या पावसात आजीला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस झाला, गोव्यात एका हॉस्पिटलात ९ दिवस आयसीयूत होत्या, आणि तिथे राउंडला डॉक्टरांसोबत फाईल घेऊन फिरणारी एक मुलगी हिला दिसली. चौकशी केली तर ती क्लिनिकल फार्मासिस्ट निघाली. तेव्हापासून ही गाळ्याचा विषयच काढू देत नाही. पत्राच्या शेवटी वडिलांनी मालवणीत एकच ओळ लिहिलीय, "फार्मासिस्टाचा आयसीयूत काम काय?"

भाऊ, तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण आपल्याकडे फार्मासिस्ट म्हणजे काउंटरमागे उभा राहून चिठ्ठी वाचणारा माणूस, औषध हातात दिलं की त्याचं काम संपलं. आयसीयूत मात्र औषध हातात आल्यावरच खरं काम सुरू होतं.

तुमच्या आईचंच घ्या. लेप्टो किडनीवर जातो हे आपल्याकडे भातलावणी करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. आता किडनी बसली की मेरोपेनेमसारखं जे अँटिबायोटिक लघवीवाटे बाहेर पडतं ते शरीरात साठत जातं, मग डोस कमी करावा लागतो. पण पहिला डोस कमी करायचा नसतो, तो पूर्णच द्यायचा, पुढचे डोस क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट, बघून. आणि ४-५ दिवसांनी लघवी सुटली, किडनी सुधारायला लागली की तोच कमी केलेला डोस आता अपुरा पडतो, परत वाढवायचा. म्हणजे रोज सकाळी रिपोर्ट आला की प्रत्येक औषध नव्याने बघायचं, आणि एकेका पेशंटला १०-१५ औषधं चालू असतात. डॉक्टर बघतात, सिस्टर बघतात, पण त्यांच्या मागे शंभर कामं असतात. फक्त औषधांकडेच बघणारं एक माणूस तिथे लागतं, तीच ती फाईलवाली मुलगी.

अजून एक हिशोब सांगते. बीपी पडलेल्या पेशंटला ते वर आणायला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सिरिंज पंपावर लावतात. समजा पेशंट ६० किलोचा आहे, डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम, आणि ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ८ मिलीग्रॅम औषध भरलंय, तर पंपाचा स्पीड येतो तासाला २.२५ मिली. रात्री ३ वाजता घाईत तो पॉइंट एक घर सरकला की २२.५, म्हणजे दहापट. म्हणून असं औषध लावताना दोघांनी वेगवेगळा हिशोब करून ताडून बघायचा असतो, आणि सगळ्या आयसीयूत सिरिंज भरायची पद्धत एकच ठेवायची असते. ही पद्धत बसवणं, त्याचा तक्ता करून भिंतीवर लावणं, नवीन सिस्टरांना शिकवणं हे फार्मासिस्टचं काम.

किंवा पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्युल. दिसायला पाण्यासारखी, आत २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम, ती सलाईनमध्ये पातळ करून हळूहळूच द्यायची, थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. म्हणून ती डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये ठेवायचीच नाही, वेगळी, कुलपात, लाल लेबल लावून. फेनिटॉइन हे फिटचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये घातलं तर बाटलीत गढूळ होतं, ते नॉर्मल सलाईनमध्येच द्यायचं. मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी, त्यात अदलाबदल झाली की शुगर पडते नाहीतर चढते.

मला हे सगळं आधीपासून कळत होतं असं नाही. माझ्या सासऱ्यांना स्ट्रोक झाला तेव्हा ते एका खासगी हॉस्पिटलात होते, गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून नळी. बीपीची त्यांची नेहमीची गोळी, दिवसभर थोडी थोडी विरघळणारी, ती सकाळी खलबत्त्यात कुटून नळीतून दिली. मी तिथेच उभी होते, मला वाटलं किती काळजीने बारीक करतायत. दिवसभराचा डोस एकदम उतरला आणि दुपारपर्यंत बीपी इतकं खाली गेलं की सगळे धावले. सासरे त्यातून वाचले. पण त्या गोळीच्या पाकिटावर "चिरडू नये" असं लिहिलेलं होतं, ते वाचणारं तिथे कोणी नव्हतं, आणि मीपण वाचलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमची मुलगी आयसीयूतून बाहेर येऊन ही वाट धरायची म्हणते तेव्हा मी तिला हौस म्हणणार नाही.

आणि आपल्या कोकणाला तर हे सांगायलाच नको. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या पेशंटांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, ती साधी बीपीची गोळी, नवीन काही नाही. पण योग्य वेळी, योग्य डोसात, आणि पहिल्या गोळीनंतर पेशंटला उठवून न बसवता, कारण बीपी पडतं. लाल विंचवाने माणसं पटापट जायची ती जगायला लागली. औषध तेच, ते वापरायचं कसं यातच जीव असतो.

आता रस्ता. बी.फार्म. नंतर दोन वाटा. एक फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) पोस्ट बॅकॅलॉरिएट, म्हणजे डिग्रीनंतरची, ३ वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण इंटर्नशिप, ६ महिने जनरल मेडिसिन आणि मग २-२ महिने आणखी तीन विभागांत. हा कोर्स आपल्या देशात २००८ पासून आहे. दुसरी वाट एम.फार्म. फार्मसी प्रॅक्टिस, २ वर्षं, त्यासाठी जीपॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी. मला विचाराल तर आयसीयूच करायचं असेल तर फार्म.डी., कारण वॉर्डातले दिवस जास्त मिळतात. पण कॉलेज बघताना इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. फार्म.डी.साठी ३०० बेडचं हॉस्पिटल जोडलेलं लागतं, ते कागदावर आहे की मुलं खरंच रोज राउंडला जातात हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारा, ती खरं सांगतात. मान्यता फार्मसी कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. बेळगाव तुम्हाला एसटीने जवळ, पुणे लांब.

आता कटू भाग पण ऐका. फार्म.डी. झाल्यावर नावापुढे डॉक्टर लावतात, पण औषध लिहून द्यायचा अधिकार नाही, सल्ला द्यायचा, सही डॉक्टरचीच. सुरुवातीला काही डॉक्टर ऐकत नाहीत, पगारही सुरुवातीला कमी, गाळ्यातल्या चांगल्या दुकानाइतका तर नाहीच. सरकारी दवाखान्यात आपल्याकडे अजून मुख्यतः औषध निर्माण अधिकारीच असतात, म्हणजे सुरुवातीची नोकरी मुंबई, पुणे नाहीतर गोव्यातच धरावी लागेल. ओरोसला, रत्नागिरीला, अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, तिथे पुढे गरज लागणार असं मला मनापासून वाटतं पण त्या भरवशावर फी भरू नका. आयसीयूत नाही जमलं तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्सच्या नोकऱ्या असतात, डिग्री वाया जात नाही.

गाळा विकू नका. ११ महिन्यांच्या कराराने भाड्याने द्या, तिच्या फीला हातभार लागेल आणि परत यावंसं वाटलं तर जागा तिचीच.

आणि निर्णय घ्यायच्या आधी एक करा. आजीचं डिस्चार्ज कार्ड आणि असतील तर रोजचे रिपोर्ट घरात कुठेतरी पिशवीत असतीलच, ते मुलीला द्या. कुठलं औषध कशासाठी, कितव्या दिवशी डोस बदलला, त्या दिवशी क्रिएटिनिन किती होतं हे तिने एका वहीत मांडावं. वही झाली की मला फोन करायला सांगा, तिच्याशी मी वेगळं बोलेन.