माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं म्हणतो. टीव्हीवरच्या शोच्या ऑडिशनला पाठवू का? लहान वयात नाव झालं तर मुलांवर काय परिणाम होतो?

पाठवू नका. निदान अजून दोन-तीन वर्षं तरी नकोच.

तुम्ही लिहिलंय "जसंच्या तसं म्हणतो", तिथेच अडकलो मी, कारण आमच्या घरी माझ्याबद्दल अगदी हेच बोललं जायचं.

तासगावकडचे आम्ही. सात वर्षांचा असताना मी टेपवर ऐकून नाट्यगीतं म्हणायचो, काळी पाचमध्ये म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) उंच पट्टीत, तानाबिना सगळं. थोरल्या काकांनी गणपतीत मंडळाच्या स्टेजवर उभं केलं, वन्स मोअर आला, आणि सुरू झालं. पुढच्या वर्षी चार मंडळं, मग जत्रा, मग कुणाची एकसष्टी, कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस. १९९३ च्या गणपतीत दहा दिवसांत अकरा कार्यक्रम केले, वय वर्षं नऊ. जीपमध्ये झोप लागायची तर काकी थर्मासमधला चहा पाजायची. जाकिटाला लोक नोटा टाचायचे, त्या घरी येऊन काका मोजायचे. मला त्रास व्हायचा असं काही नाही हां, खोटं कशाला बोलू, भारी वाटायचं. मास्तर गृहपाठ विचारायचे नाहीत, दुकानदार गोळ्या फुकट द्यायचा.

दहाव्या वर्षी सांगलीत एका गुरुजींकडे नेलं. मी माझं हमखास टाळ्यांचं पद म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता नुसता सा लाव. लावला. परत लाव. परत. अर्धा तास तेच चाललं, मला रडू फुटलं. शेवटी काकांना म्हणाले, "गळा चांगला आहे, पण पोरगं पोपट आहे. दोन वर्षं कार्यक्रम बंद करा, मग बघू." काका बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणाले, गणपतीतल्या नऊ कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेतल्यात, त्या काय परत करू? त्या घरी आम्ही पुन्हा गेलो नाही.

साडेतेराव्या वर्षी आवाज फुटला. स्टेजवरच, ताना चालू असताना. पहिल्यांदा लोकांना वाटलं माईक खरखरतोय. पेटीवाल्याने पट्टी उतरवली, काळी तीन, मग अजून खाली, माझा सूर कुठेच लागेना, मागून कुणीतरी शिट्टी मारली. काकांनी वर्षभर ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी सगळं केलं. पुढच्या गणपतीत मंडळाने शेजारच्या गावातली सात वर्षांची मुलगी आणली आणि मी मंडपात खुर्च्या लावत होतो.

आवाज काय सगळ्याच पोरांचा फुटतो. शिकणारं पोर त्या काळात गुरूसमोर बसून खर्ज म्हणजे खालचे सूर लावतं, नवी पट्टी शोधतं, बेसूर होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला बेसूर व्हायची मुभाच नव्हती. तीस पदं पाठ होती, त्यातल्या एकाचाही राग सांगता आला नसता. माझ्या मते लवकर नाव होण्याचं खरं नुकसान हे आहे. डोक्यात हवा जाते वगैरे लोक म्हणतात ते दुय्यम, हवा उतरते हो दोन वर्षांत. पण ज्याला टाळ्या मिळतायत त्याला शिकवायला कुणी धजत नाही, आणि त्यालाही परत पहिलीत बसायची लाज वाटते.

कुमार गंधर्वांचं बघा. १९२४ चा जन्म, बेळगावजवळचं सुळेभावी, लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणायचे आणि त्यावर जलसे व्हायचे. म्हणजे पोपटच की, फक्त लाखात एक पोपट. पण अकरा-बारा वर्षांचे असताना मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे आले आणि तिथे वर्षानुवर्षं शिकले. पुढे क्षयाने गाणं बंद पडलं, देवासला पाच-सहा वर्षं गप्प बसावं लागलं, त्यातूनही परत उभे राहिले आणि आणखी नवं गायले. नुसत्या नकलेवर हे झालं नसतं. कुमारांशी माझी तुलना करत नाहीये, चप्पल मारतील लोक.

दुसरं टोक म्हणजे प्रणव धनावडे. जानेवारी २०१६, कल्याण, शाळेच्या क्रिकेट मॅचमध्ये ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा. पंधरा वर्षांचा मुलगा, वडील रिक्षा चालवणारे, एका दिवसात दारात चॅनलवाले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची स्कॉलरशिप दिली आणि २०१७ मध्ये वडलांनीच पत्र लिहून ती थांबवा म्हटलं, मुलाचा फॉर्म गेला होता. लोक हसले. मला त्या वडलांबद्दल प्रचंड आदर वाटला. आमच्याकडच्यांनी एक सुपारी परत केली नाही.

तरीही पाठवणारच असाल तर कायदा तेवढा वाचून जा. बालकामगार कायद्याखाली २०१७ ला नियम आलेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावावर एफडीत. हे तोंडी नका ठेवू, लिहून घ्या. ऑडिशनची तयारी कशी करायची ते मला खरंच माहीत नाही.

आता, सगळ्यांचं माझ्यासारखं होतं असंही नाही. २००८-०९ च्या मराठी लिटिल चॅम्प्स या टीव्हीवरच्या गाण्याच्या शोमधली आर्या, कार्तिकी, मुग्धा, प्रथमेश अजून गातायत आणि चांगलं गातायत. पण आर्याची आई शास्त्रीय गायिका, कार्तिकीचे वडील संगीतातले, म्हणजे शो संपला तरी घरात शिकणं चालूच. तुमच्या घरी तसं असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर सोडून द्या.

काका अजून म्हणतात, "आयतं ताट वाढलं होतं, रियाज केला नाहीस म्हणून गेलं." या दिवाळीतही म्हणाले, सगळ्या पाव्हण्यांसमोर, माझी पोरगी शेजारी बसलेली. काका, रियाज कधी करायचा होता? रात्री दोनला जीपमधून उतरल्यावर? आणि त्या नोटांतून फक्त एक पेटी घेतली होती माझ्या नावाने, ती तुमच्या माळ्यावर धूळ खात पडलीय. पोरगीला क्लासला घातलंय, सध्या पलटे म्हणजे सुरांचा सराव चालू आहे, स्टेज नाही. पेटी तेवढी पाठवून द्या.