सोसायटीचं वीजबिल कमी करायचंय. थेट सोलर बसवावं का?

तुमची पुण्यातली पाच मजली, तीस वर्षं जुनी सोसायटी. पंप, लिफ्ट, जिन्याचं कॉमन बिल फुगतंय, कमिटीला सोलर हवंय आणि काही सभासद म्हणतात, कशाला खर्च, रिडेव्हलपमेंटलाच जाऊ. मी सोसायट्यांच्या पंप-पॅनेलची कामं करतो, त्यामुळे माझं उत्तर टाकीपासून सुरू होणार.

सोलर बसवाच, पण आधी पंप तपासा. 10,000 लिटर पाणी 20 मीटर चढवायला शास्त्राप्रमाणे जेमतेम 0.55 युनिट लागतं. मोटर, पंप, पाइपमधली घट धरूनही सव्वा-दीड युनिटात काम व्हायला हवं. दुपारी जिन्यातले दिवे बंद ठेवा, लिफ्ट थांबवा, वरच्या टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. मीटरचं रीडिंग घेऊन पंप चालवा आणि टाकीत किती पाणी चढलं ते पट्टीने मोजा. दर दहा हजार लिटरला अडीच-तीन युनिटं निघाली तर इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) झिजलाय, फूट व्हॉल्व्हची (खालच्या टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हची) जाळी चोंदलीय, नाहीतर कुणीतरी गरजेपेक्षा मोठा पंप गळ्यात मारलाय. तिसरं कारण मला फार वेळा सापडतं. टाकीला फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा स्विच, नसेल तर तो आजच लावा. ओव्हरफ्लो होणाऱ्या पाण्याचंही वीजबिल तुम्हीच भरता.

जिन्यात जुन्या चोकच्या ट्यूब असतील तर एलईडी आणि पार्किंगमध्ये सेन्सर. यात चर्चेसारखं काही नाही.

वरच्या मजल्यावरचे लोक उन्हाळ्यात एसी का लावतात? स्लॅब तापतो म्हणून. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून वर पांढरा चायना मोझॅक (फरशीच्या चकचकीत तुकड्यांचा थर) किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग द्या. रंगावर धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून गच्ची धुवावी लागते. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून चटई किंवा छज्जा हवा; आतला पडदा काचेतून आलेली उष्णता फारशी अडवत नाही. घरातले 75 वॉटचे पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे पंखे घेतले तर साधारण 30 वॉटमध्ये भागतं.

आता सोलर. एका किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं मिळतात. ग्रिडच्या एका युनिटामागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे सभेत सांगायला उपयोगी पडेल. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान ठरलंय. आधी लोड कमी केलात तर प्लांटही लहान पुरतो.

रिडेव्हलपमेंटचं म्हणाल, तर स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत धड निघत असेल तर कार्बनच्या नावाखाली पाडू नका. नव्या सिमेंट-लोखंडाचा कार्बन बांधतानाच हवेत गेलेला असतो. शिवाय नवी इमारत वीस मजली झाली तर तेवढे मजले पाणी चढवायचं आणि लिफ्ट दिवसभर चालवायची, म्हणजे कॉमन बिल कुठे जाईल ते सभासदांना आधीच विचारून ठेवा.